अशिलाला कळेल अशा भाषेत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले. पण ही पायरी हौसेने कोण चढतो? बांध कोरला जातो, भाऊबंदकी पेटते, वाटणी रखडते, बँकेची नोटीस येते आणि शहाण्यालाही काळा कोट शोधावा लागतो. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या वाट्याला यात आणखी एक अडचण येते. ज्या कागदांवर त्याचे घर आणि जमीन अवलंबून असते, ते कागद त्याला वाचता येत नाहीत. सही त्याची, अंगठा त्याचा, परंतु मजकूर परका!

सीमाप्रश्नावर आम्ही अनेकदा लिहिले आहे आणि पुढेही लिहू. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु तोपर्यंत खानापूर, निपाणी, बेळगावच्या कोर्टांत मराठी माणसाचे जे शेकडो दावे चालतात, त्यांत त्याच्या भाषेचे काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत शोधण्याची गरज नाही. ते तालुक्याच्या गावी, वकिलाच्या टेबलाशी मिळू शकते.

कागद एका भाषेत, बोलणे दुसऱ्या भाषेत

आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या घरातली ट्रंक उघडून पाहावी. तळाशी मोडीतली खरेदीखते असतात, कारण १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार हे मुंबई राज्याचे जिल्हे होते. त्यावर बाळबोध मराठीतले कागद. सर्वांत वर कन्नड उतारा. बिदरकडे भालकी-औरादच्या बाजूला गेलात तर निजामाच्या राजवटीतले कागद उर्दूत सापडतात. गोव्यात जुने दस्त पोर्तुगीजमध्ये. म्हणजे पणजोबांचा कागद एका लिपीत, नातवाचा दुसऱ्या, आणि दोघांमधले नाते सिद्ध करायचे ते तिसऱ्याच भाषेत चालणाऱ्या कोर्टासमोर.

त्यातून नावांचे घोळ होतात. मराठी नाव कन्नडमध्ये उतरवताना एखादे अक्षर बदलते, आडनाव गळते, बापाचे नाव आधी की आजोबांचे यात गोंधळ होतो. कर्नाटकात २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली उतारे संगणकावर आले. पण संगणकाला चूक कळत नाही, तो ती जशीच्या तशी छापून देतो. वारसा लावण्याच्या वेळी मग तलाठी विचारतो, हा माणूस आणि तो माणूस एकच कशावरून? यासाठी अशिलाजवळ बसून जुना कागद आणि नवा उतारा शेजारी-शेजारी ठेवणारा वकील लागतो. नुसता कायदा पाठ असून भागत नाही.

कोनाड्यात राहिलेले समन्स

कोर्टाचा बेलीफ समन्स देऊन जातो. घरातल्या कुणाला ते वाचता येत नाही. शेजारचा मुलगा संध्याकाळी येईल, मग त्याला विचारू, म्हणून कागद कोनाड्यात जातो. इकडे मुदत धावू लागते. दिवाणी दाव्यात कैफियत द्यायला समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असतात. कोर्टाने सवलत दिली तरी सर्वसाधारणपणे नव्वद दिवस. त्यात हजर राहिले नाही की दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज पुन्हा तीस दिवसांत करावा लागतो. जिल्हा कोर्टातले अपीलही तीस दिवसांत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवून द्यावे लागते. ‘कागद वाचता आला नाही’ हे कारण प्रत्येक वेळी पटेलच असे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट दाव्याच्या शेवटच्या पानावर असते. दिवाणी कायद्याप्रमाणे दाव्यातला आणि कैफियतीतला मजकूर खरा असल्याबद्दल पक्षकाराने स्वतः सत्यापन करून सही करायची असते. वरची सगळी कलमे कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. खाली आपला शेतकरी सही करतो, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. माहिती कुणाची? त्याला तर आत काय लिहिले आहे हेच कुणी सांगितलेले नसते.

याचा हिशेब पुढे पिंजऱ्यात चुकता होतो. उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो, ‘दाव्यात काय लिहिले आहे तुम्हांला ठाऊक आहे का?’ अशील भाबडेपणाने सांगतो, ‘ते आमच्या वकीलसाहेबांना ठाऊक.’ एवढ्या एका उत्तराने खऱ्या माणसाचा खरा दावा खिळखिळा होतो. चतुःसीमा दाव्यात एक आणि साक्षीत दुसरी निघते. माणूस खोटे बोलत नसतो, त्याला त्याचाच दावा कुणी वाचून दाखवलेला नसतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

भाषेचा आग्रह हे राजकारण आहे, कोर्टात त्याला जागा नाही, असे म्हणणारे आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू की, कायदाच त्यांच्याशी सहमत नाही. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजेत. २०२५ साली त्याच न्यायालयाने अटकेच्या कारणांबाबतही हेच बजावले. फौजदारी खटल्यात साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती भर कोर्टात त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे २७९ वे कलम होते, आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३१४ वे आहे. आणि राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क दिला आहे.

या सगळ्यांमागे एकच विचार आहे. ज्याला समजत नाही त्याला न्याय मिळाला, असे म्हणता येत नाही. मग सरकारने आणि पोलिसांनी जे करावे अशी आपण अपेक्षा धरतो, ते अशिलाने पैसे देऊन नेमलेल्या वकिलाने करायला नको का?

मराठी वकील हवा, म्हणजे काय?

येथे आपल्याच माणसांना दोन शब्द ऐकवणे भाग आहे. ‘आपला वकील मराठीच हवा’ असे गावात म्हणतात. भावना योग्य आहे, पण ती पुरेशी नाही. मेळाव्यात मराठीवर तासभर बोलणारा वकील ऑफिसात मात्र अशिलाला म्हणतो, ‘तुम्हांला काय कळतंय त्यातलं? करा इथं सही!’ उलट कन्नड मातृभाषा असलेले काही वकील अशिलाला समोर बसवून मोडक्यातोडक्या का होईना, मराठीत प्रत्येक कलम समजावून देतात. यांतला मराठी माणसाचा वकील कोणता? आमच्या मते दुसरा. वकिलाची मातृभाषा कोणती यापेक्षा तो अशिलाशी कोणत्या भाषेत आणि किती वेळ बोलतो, यावर त्याची परीक्षा व्हावी.

म्हणून सीमाभागातल्या वकील मंडळींकडे आमचे मागणे थोडे आणि साधे आहे. दावा, कैफियत किंवा शपथपत्र सहीपूर्वी अशिलाला मराठीत वाचून दाखवावे आणि तसा शेरा कागदावर घ्यावा. दाव्याचा सारांश मराठीत एका पानावर लिहून अशिलाच्या हाती द्यावा. त्यात मागणी काय, समोरच्याचे म्हणणे काय, आपली कमजोर बाजू कोणती, हे असावे. प्रत्येक तारखेला काय झाले ते एका ओळीत कळवावे. घेतलेल्या पैशांची पावती द्यावी, त्यात फी किती आणि कोर्टखर्च किती हे वेगळे दाखवावे. आणि तडजोड अशिलाच्या फायद्याची असेल तर तसे स्पष्ट सांगावे, दावा लांबला तर आपली फी चालू राहील याचा विचार करू नये.

यात नवे काही नाही. अशिलाला वस्तुस्थिती मोकळेपणी सांगणे आणि त्याच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. २०२४ साली त्याच न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे नाडलेल्या अशिलाला ग्राहक मंचाची वाट बंद झाली. राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण खेड्यातल्या माणसाला बंगळूर दूर आहे. बाहेरचा धाक असा कमी झाला, की आतल्या शिस्तीची जबाबदारी वाढते. हे वकिलीच्या प्रतिष्ठेसाठीच आम्ही म्हणतो.

वकील म्हणतील, एका दिवसात वीस प्रकरणे, एवढा वेळ कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. पण सुरुवातीला दिलेला अर्धा तास पुढची अनेक वर्षे वाचवतो. ज्याला आपला दावा समजला तो योग्य कागद वेळेवर आणतो, लपवलेली गोष्ट आधीच सांगतो, पिंजऱ्यात गडबडत नाही. आणि अशा अशिलाच्या तोंडून चार गावांत जे नाव होते, ते कुठल्याही पाटीने होत नाही.

बहिणींच्या सह्या

एका बाबीकडे आम्हांला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजला दिलेल्या आपल्या लेकी हक्कसोडपत्रावर सही करायला माहेरी बोलावल्या जातात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. पण महाराष्ट्रात शिकलेल्या बाईपुढे कन्नड दस्त येतो तेव्हा तिचे शिक्षण असून नसल्यासारखे होते. ‘ताई, फक्त सही कर’, एवढेच तिला सांगितले जाते. तिने आनंदाने हक्क सोडला तर कुणाची हरकत नाही. पण काय सोडते आहे हे तिला कळले पाहिजे. दस्त लिहिणारा वकील भावाचा असतो. तरीही बहिणीला मराठीत वाचून दाखवणे आणि हवे तर स्वतःचा वकील नेमा असे सांगणे, हे त्याचे काम आहे. उद्या तो दस्त कोर्टात टिकायचा असेल तर भावाच्याही हिताचे तेच आहे.

फीची ऐपत नसेल त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अर्ज करतानाच, मराठी बोलणारा वकील द्या, असे लिहावे.

आता वाचकांना. कोऱ्या कागदावर सही करू नका. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका. समन्स आले तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वाचणाऱ्याकडे जा. वकिलापासून काही लपवू नका आणि विचारायला लाजू नका. गावोगावच्या मंडळांनी आणि वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दोन्ही भाषा जाणणारा एखादा तरुण बसवावा, कागद वाचून दाखवण्यापुरता. आमची कन्नडशी दुष्मनी नाही. मुलांनी ती भाषा जरूर शिकावी, ती उपयोगीच पडेल. पण म्हाताऱ्या बापाची जमीन, मुलगा कन्नड शिकेपर्यंत थांबत नाही. त्याला आज, त्याच्या भाषेत सांगणारा माणूस हवा आहे, आणि वकीलपत्र घेतले त्या दिवशी ती जबाबदारी वकिलाने पत्करलेली असते.