चड्डी खराब होते, तेव्हा ओरडू नका

मूल तीन वर्षांचं होतं तेव्हाच शी-शू सांगायला शिकलं. आता ते साडेपाच वर्षांचं आहे, आणि गेले दोन-तीन महिने रोज चड्डी भरते. वास येतो म्हणून आई विचारते, तर ते सरळ "नाही" म्हणतं. खराब चड्ड्या कपाटामागे कोंबलेल्या सापडतात. आजीला वाटतं, लाडावलंय. बाबांना वाटतं, खोटं बोलतंय. मग ओरडा, धपाटा, नाही तर धाकट्या बहिणीसमोर "शीऽऽ, घाणेरडा" म्हणणं. डॉक्टरांकडे जायचं सुचतं ते सगळ्यात शेवटी, कारण ही गोष्ट चारचौघांत बोलायचीच लाज वाटते.

आज मला या मुलांची बाजू मांडायची आहे. त्यांना बहुतेक वेळा खरोखरच कळलेलं नसतं.

चार वर्षांपुढच्या मुलांत असं वारंवार होऊ लागलं, तर मुळाशी बहुधा जुना मलावरोध असतो. कधीतरी कडक शी होते, दुखतं, जागा चिरते. मूल धसका घेतं आणि शी रोखायला लागतं. पडद्याआड जाऊन चवड्यांवर उभं राहतं, पाय आवळतं, तोंड लालबुंद होतं. घरच्यांना वाटतं, जोर करतंय. प्रत्यक्षात ते शी आत धरून ठेवत असतं. धरलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, साठत जाते. गुदाशय ताणून सैल पडतो आणि 'आली' ही जाणीवच बोथट होते. मग तुंबलेल्या मोरीत बोळ्याच्या कडेनं पाणी झिरपावं, तशी वरची पातळ शी त्या गोळ्याच्या बाजूनं चड्डीत उतरते.

इथेच घरं फसतात. पातळ दिसतं म्हणून जुलाब समजून शी बांधणारं औषध दिलं जातं आणि आतला गोळा आणखी घट्ट होतो. साबणाची कांडी किंवा पानाचा देठ लावायचे घरगुती उपायही इथे नकोत. दुखऱ्या जागी पुन्हा दुखतं, धसका वाढतो.

उपाय आहे, पण तो धीराचा आहे. बालरोगतज्ज्ञ पोट तपासून आधी साठलेलं मोकळं करतात. बहुतेकदा पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर पाण्यातून देतात, पहिले काही दिवस जास्त आणि नंतर रोज कमी. आंतरराष्ट्रीय बालपोटविकार संघटनांच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की हे नंतरचं औषध निदान 2 महिने चालू ठेवावं आणि सगळी लक्षणं जाऊन महिना झाल्यावरच हळूहळू कमी करावं. आपल्याकडे आठवड्याभरात चड्डी स्वच्छ दिसली, की 'सवय लागेल' या भीतीनं औषध बंद होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हे औषध फक्त शीत पाणी धरून ती मऊ ठेवतं, आतड्याला त्याची सवय लागत नाही. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, तेवढे द्या.

जोडीला रोज जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, कारण खाल्ल्यावर आतडी हलतात. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, टेकल्याशिवाय जोर करता येत नाही. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल शाबासकी द्या. दिवसभर कपावर कप दूध पिऊन भाजी-भाकरीला, उसळीला पोटात जागा उरत नसेल, तर दूध कमी करा.

मात्र जन्मानंतर पहिली शी व्हायला 48 तासांहून जास्त लागले असतील, वजन वाढत नसेल, पोट फुगून उलट्या होत असतील, पायांत अशक्तपणा असेल किंवा कंबरेखाली मधोमध केसांचा झुबका असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. तिथे कारण वेगळं असू शकतं.

आता शाळेबद्दल. संडासात पाणी नाही, कडी लागत नाही, तासाला सोडत नाहीत, म्हणून कितीतरी मुलं घरी जाईपर्यंत रोखून धरतात. आणि चड्डी खराब झाली, की त्याच मुलाला वर्गासमोर उभं केलं जातं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. पाच वर्षांच्या मुलाची अशी शोभा करणं हा मानसिक छळच आहे, मग त्या इयत्तेला कायदा लागू असो वा नसो.

म्हणून पालकांना दोन गोष्टी सांगेन. मुलाला आजच सांगा, "यात तुझी चूक नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊन हे बरं करू." आणि पुढच्या पालकसभेत अभ्यासाच्या आधी संडासाचा विषय काढा: पाणी आहे का, कडी मुलाच्या हाताला येते का, विचारलं की लगेच सोडतात का. उत्तर 'हो' येईपर्यंत दर सभेला विचारत राहा.