कायनेक्टची किंमत
मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये खेळाडूच्या हालचाली टिपणारा कायनेक्ट अमेरिकेत १५० डॉलरना बाजारात आणला, तेव्हा तो ज्याला जोडायचा तो अख्खा एक्सबॉक्स ३६० गेम कन्सोल दोनशे डॉलरपासून मिळत होता. माझ्या मते ही किंमत रास्त नव्हती. तंत्र अस्सल होते, यात वाद नाही: खोलीभर अवरक्त ठिपके पसरवून तो खेळाडूचे सांधे ओळखायचा, हातात काही धरावे लागत नसे. पण टीव्हीसमोर एकाला सहा फूट मोकळी जागा लागायची, दोघांना आठ. शिवाय हात हलला की पडद्यावरची आकृती किंचित उशिरा हलायची. नाचाच्या खेळात हे खपून जाते, नेमबाजीत नाही. लाखो लोकांनी घेतलाच की, असे कुणी म्हणेल. घेतला खरा; पण २०१४ मध्ये कंपनीलाच त्याची नवी आवृत्ती वगळून पुढचा कन्सोल, एक्सबॉक्स वन, शंभर डॉलरनी स्वस्त विकावा लागला, आणि कायनेक्टवाचून अडेल असे खेळ तोवर फारसे आलेच नव्हते.