राखणदारांचं इंधन

विस्मरणाच्या आजारांत आपण चेतापेशींचीच चिंता करतो. या अंकात त्यांच्या शेजाऱ्यांकडे, मायक्रोग्लियाकडे पाहिलं आहे. पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश संशोधकाने १९१९मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेंदूतला कचरा उचलणं आणि जंतूंशी लढणं ही त्यांची कामं. त्यासाठी ऊर्जा लागते. एरवी त्या ग्लुकोज ऑक्सिजनसह सावकाश, पुरेपूर जाळतात. धोका दिसला की ग्लायकोलिसिसचा, म्हणजे ग्लुकोज अर्धवटच तोडण्याचा, झटपट पण उधळा मार्ग धरतात. वय वाढलं की हा ताळेबंद बिघडतो, कचरा साठतो, दाह रेंगाळतो. २०२१मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांत पीजीई-२ या दाहकारक रेणूचा संदेश अडवला, तेव्हा रोगप्रतिकारक पेशींचा ऊर्जापुरवठा सुधारला आणि उंदरांची स्मरणशक्तीही. मेंदूत न शिरणाऱ्या औषधानेही हे साधलं, ही मला त्यातली सर्वांत चक्रावणारी गोष्ट वाटते.

गंमत म्हणजे, ग्लिया पेशींत (मायक्रोग्लिया याच कुळातल्या) साठलेली चरबी खुद्द आलॉइस अल्झायमर यांनी १९०७च्या निबंधात नोंदवली होती. पुढे अनेक दशकं चर्चा झाली ती प्रथिनांचीच. अर्थात स्टॅनफर्डचा प्रयोग उंदरांवरचा, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ‘मेंदूचं टॉनिक’ विकणाऱ्यांनी या अंकात जाहिरातीसाठी विचारणा केली होती. म्हणूनच त्यांना नकार कळवला आहे.