परत फिरण्याचा करार

उतारवयात दूरचा प्रवास करावा की करू नये, अशी पृच्छा या सदराकडे वारंवार येते. विचारणारे बहुधा मुलगे, लेकी किंवा सुना असतात; ज्यांना निघायचे असते ते क्वचितच विचारतात. या वेळी थेट उत्तर देण्याऐवजी गेल्या शरदात भेटलेल्या एका दांपत्याची हकीकत सांगते. उत्तर तिच्यातच आहे.

सप्टेंबरात मी लेकीकडे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गेले होते. तेथील डेन्व्हर शहरच सुमारे १,६०९ मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून जेमतेम कमी. रॉकी पर्वतातील राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवरचे एस्टेस पार्क हे गाव त्याहूनही वर, सुमारे २,३०० मीटरवर. त्या दिवसांत ॲस्पेनची पाने सोन्यासारखी पिवळी होतात आणि संध्याकाळी एल्क जातीच्या नर हरणांची शीळ घातल्यासारखी हाक दरीभर घुमते. या उद्यानालगतच्या रानातील एका तळावर आम्ही दोन रात्री राहिलो. तळाची देखभाल करणारे गृहस्थ ७२ वर्षांचे होते आणि त्यांच्या पत्नी ६९ वर्षांच्या.

चार वर्षांपूर्वी घर विकून हे दोघे आरव्हीत राहू लागले होते. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. ओटा, फ्रीज, पलंग, न्हाणीघर, सारे एका मोठ्या बसच्या पोटात मांडलेले. अमेरिकेत असे बारमाही राहणारे ज्येष्ठ पुष्कळ आहेत. काहींनी हौसेने हा मार्ग धरला. काहींना, विशेषतः २००८ च्या आर्थिक मंदीनंतर, घरभाडे आणि निवृत्तिवेतन यांचा मेळ बसेना म्हणून धरावा लागला. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे २०१७ मधील पुस्तक याच लोकांविषयी आहे, आणि त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आमचे दांपत्य या दोहोंच्या मधले होते. डोंगर चढण्याची हौस खरी होती आणि पैशांची गरजही खरी होती.

म्हणून ते ऋतूंमागून चालत. उन्हाळ्यात तळाची देखभाल, त्या बदल्यात गाडी उभी करण्याची जागा, वीज, पाणी आणि थोडे मानधन. ऑक्टोबरात सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाचा हंगाम. बीट उघड्यावर मोठमोठ्या राशी घालून साठवतात. ऊन वाढले तर ते सडू लागते आणि कडक हिमाने गोठले तरी हानी होते. म्हणून मधल्या थोड्या दिवसांत अहोरात्र काम चालते. बारा बारा तासांच्या पाळ्या, उघड्या माळावर ट्रकांना वाट दाखवणे, पिशवीत नमुने भरणे, यंत्राभोवतीचा चिखल ओढणे. साखरेसाठी जोडप्याने घर सोडून जायचे, हे ऐकताच मला आपल्याकडच्या ऊसतोडीची आठवण झाली. तेथे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. या दांपत्याच्या डोक्यावर उचलीचा बोजा नव्हता, हा फरक मोठाच. पण त्या महिन्याच्या मजुरीवर त्यांच्या हिवाळ्याची सारी बेगमी अवलंबून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे एमराल्ड सरोवराच्या वाटेला लागलो. ही वाट सुमारे २,९०० मीटरवरील बेअर सरोवरापासून निघते. एका बाजूचे अंतर तीन किलोमीटरच्या आत आणि चढ दोनशे मीटरच्या आसपास. नातवंडांना घेऊन आलेले कितीतरी आजी-आजोबा आमच्या मागेपुढे चालत होते. मधल्या ड्रीम सरोवरापाशी पोहोचलो तेव्हा ते गृहस्थ बोलता बोलता थांबू लागले. एक वाक्य पुरे करायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागत होता. पुढे जेमतेम एक किलोमीटर उरला होता. उंचीवर असे होतेच, असे म्हणत त्यांनी काठी टेकली आणि पाऊल उचलले.

पत्नीने त्यांच्या दंडाला हात लावला आणि एकच शब्द उच्चारला: परत.

ते काही न बोलता वळले, पण चेहरा उतरला होता. वाटेतल्या एका दगडावर बसवून मी त्यांची नाडी पाहिली. ठोक्यांना ताल नव्हता.

त्यांचे म्हणणे असे, की हवा विरळ आहे आणि वयही झाले आहे. पण ते जूनपासून याच उंचीवर राहत होते. जुलैत हीच वाट त्यांनी गप्पा मारत पुरी केली होती, हे पत्नीला पक्के ठाऊक होते. नव्याने आलेल्या माणसाला साधारण २,५०० मीटरच्या वर पहिल्या दोन-तीन दिवसांत डोकेदुखी, मळमळ, झोपमोड असा त्रास होऊ शकतो; तीन महिने राहिलेल्या माणसाला अचानक धाप लागली, तर कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. दुपारी दवाखान्यात काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसले, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित स्पंदन. त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका वाढतो. डॉक्टरांनी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध सुरू केले, डोंगर उतरून खाली राहायला सांगितले आणि ठोके ताळ्यावर येईपर्यंत रात्रपाळी व ते अवजड वाहन चालवणे दोन्ही वर्ज्य केले.

पुढचे दोन दिवस ते गृहस्थ कोणाशी बोलले नाहीत. हिवाळ्याची बेगमी बुडाली होती आणि हातातले चाकही गेले होते. पत्नी एकट्याच बीटाच्या हंगामाला जायला तयार होत्या. पण बारा तास त्या माळावर आणि आजारी नवरा गाडीत एकटा, हे गणित जुळेना. अखेर त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी एका शेतावर, जेथे ऑक्टोबरात लोक भोपळे निवडून घ्यायला येतात, तिकीटखिडकीचे काम धरले. दिवसाचे पाच तास, मिळकत निम्म्याहूनही कमी. गाडी त्यांनीच चालवत खाली आणली.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला फ्रीजच्या दारावरचा कागद दाखवला. भटकंती सुरू करताना, दोघेही ठणठणीत असताना लिहिलेला करार होता तो. जो आधी ‘परत’ म्हणेल त्याचे ऐकायचे आणि त्या दिवशी वाद घालायचा नाही. दर वसंतात मोकळ्या मैदानावर दोघांनीही गाडी चालवून पाहायची. औषधांची यादी आणि डॉक्टरांची टिपणे एकाच पिशवीत ठेवायची. त्या म्हणाल्या, की तो कागद नसता तर ड्रीम सरोवरापाशी त्या गप्प राहिल्या असत्या. नवऱ्याचा हिरमोड करण्याचे धैर्य त्यांना झाले नसते.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे चाकांवरच्या घरात राहतील. पण हा कागद प्रत्येक घराच्या उपयोगाचा आहे. त्यातून मला दिसलेल्या काही गोष्टी सांगते.

पहिली: आपल्या माणसाची तुलना शेजारच्या ऐंशीच्या आजोबांशी करू नका; त्याच माणसाच्या दोन महिन्यांपूर्वीच्या प्रकृतीशी करा. पर्वतीच्या पायऱ्या असोत वा घराचा जिना, गेल्या महिन्यात जे सहज होत होते ते आता होत नसेल, तर त्याला ‘वय’ म्हणून सोडून देऊ नका. बोलताना वाक्य तुटणे ही साधी आणि विश्वासार्ह खूण आहे.

दुसरी: हिमालयातील यात्रेला निघणाऱ्यांनी हृदयाची व फुप्फुसांची तपासणी आधी करून घ्यावी, मधल्या उंचीवर एक-दोन रात्री थांबावे, आणि त्रास सुरू झाल्यावर आणखी वर चढू नये, वाढला तर खाली उतरावे. वयपरत्वे तहान कमी जाणवते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी घ्यावे. मात्र ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी: थंडीत बंद खोलीत किंवा वाहनात शेगडी अथवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी व चक्कर उंचीच्या त्रासासारखीच भासते. शंका येताच आधी सर्वांना मोकळ्या हवेत काढावे, कारण मग शोधावे.

चौथी: कागदपत्रे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. तिचे मूळ स्वरूप देशभर चालते, पण तिच्याऐवजी घेता येणाऱ्या खासगी कंपन्यांच्या पुष्कळ योजना ठरावीक भागातील डॉक्टरांपुरत्या असतात. आपल्याकडेही विम्याची रोखरहित सोय कोणत्या गावी, कोणत्या रुग्णालयात आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे. परदेशी मुलांकडे जाताना जुना आजार विमा कंपनीपासून लपवू नये.

पाचवी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घराचा अर्धा भाग एकालाच ठाऊक असतो. बँकेचे व्यवहार त्यांना, गॅसचा रेग्युलेटर आणि औषधांचा डबा हिला. ज्या दिवशी एक जण आडवा होतो, त्या दिवशी दुसऱ्याला काळजीबरोबर अज्ञानाचेही ओझे उचलावे लागते. त्या बाईंना ते अवजड वाहन चालवता येत होते, म्हणून आजारपणात त्यांच्यावर दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ आली नाही.

नोव्हेंबरात त्यांचे पत्र आले. औषध लागू पडले होते आणि दोघे टेक्सासात उतरले होते. तेथे लिव्हिंग्स्टन गावी, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या एस्केपीज या आरव्हीधारकांच्या संघटनेशी संलग्न असे एक केंद्र आहे. भटकंती थांबलेल्या वृद्धांना तेथे स्वतःच्या चाकांवरच्या घरातच राहून जेवण आणि शुश्रूषेचा आधार मिळतो. दोघे ते पाहून आले होते. लगेच राहायला जायचे नव्हते. पण थांबायची वेळ येईल तेव्हा कोठे थांबायचे, ही ओळ आता करारात घातली आहे, आणि या खेपेस अक्षर आपल्या यजमानांचे आहे, असे त्यांनी लिहिले होते.

येत्या रविवारी चहाच्या वेळी आपणही एक कोरा कागद घेऊन बसावे. घरात सगळे बरे आहेत, तोवरच हे बोलणे सोपे असते.