सात दिवसांची योजना, दोन वर्षांचे आजारपण

शहाद्याच्या आसपास डोक्याला मार लागलेला माणूस कुठे जातो हे आता सगळ्यांना पाठ आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मोटारसायकल घसरते, कोणी झाडावरून पडतो, कोणी उसाच्या ट्रॉलीवरून. 108 येते. मग नंदुरबार, तिथून धुळे, नाही तर थेट सुरत. कवटी उघडून रक्ताची गाठ काढतात, माणूस वाचतो, घरी येतो. त्यानंतरचे कोणालाच पाठ नाही. हे मुद्दे त्यानंतरचे आहेत.

1. पैसा चुकीच्या जागी संपतो. मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. मर्यादा दीड लाख रुपये, मुदत अपघातापासून 7 दिवस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा राज्याने 5 लाखांवर नेली, पण तिचाही भर भरती आणि शस्त्रक्रियेवर आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत, त्यांनी जीव वाचतात. मात्र मेंदूची भरपाई सात दिवसांत होत नाही. पहिले सहा महिने सुधारणा वेगाने होते, मग हळू, आणि दोन वर्षांनंतरही थोडी थोडी चालूच राहते. म्हणजे उपचाराचा सर्वाधिक फायदा ज्या महिन्यांत मिळायचा, नेमक्या त्याच महिन्यांत पेशंट खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. घरच्यांना वाटते, आता देवाच्या हातात.

2. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत ‘ॲडव्हाइस: फिजिओथेरपी’ असते. हा सल्ला झाला, सोय झाली नाही. शहाद्याहून धुळे 90 किलोमीटरच्या आसपास, सुरत 150हून जास्त. शहाद्याला रेल्वे नाही, गाडी धरायची तर नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठायचे. एका बाजूने लुळ्या पडलेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा एस.टी.त चढवणे कोणत्याही मजूर घराला जमणारे नाही. तेव्हा शिकवणी घरच्यांचीच व्हायला हवी, आणि ती डिस्चार्जच्या आधी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर बेडसोर होतात. नळीने भरवताना पाठ टेकवून बसते करायचे, आडवे ठेवून नाही, कारण अन्न फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. लुळ्या हाताला धरून ओढून उठवायचे नाही, खांदा निखळतो. झटक्याच्या गोळ्या बरे वाटले म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. एवढे तासाभरात दाखवून होते. दाखवून झाल्यावर बायकोकडून, आईकडून एकदा करून घ्यावे. नुसता कागद हातात देऊ नये.

3. हात-पाय दिसतात, बदललेला स्वभाव दिसत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की शांत माणूस तापट होतो, कामसू माणूस तासन्‌तास बसून राहतो, चारचौघांत नको ते बोलतो. दोन तास काम केले की इतका थकतो की झोपावेच लागते. गावाच्या भाषेत तो आळशी झाला, नाही तर त्याला बाहेरचे लागले. मग भगताकडे नेतात. भगताला शिव्या देऊन काही साधत नाही, पाड्यावर त्याचा शब्द चालतो. ‘पूजा कर, पण गोळ्या चालू ठेवायला सांग’ एवढे त्याच्याशी ठरवता आले तरी पुष्कळ. आशाताईंच्या प्रशिक्षणात हा विषय एक दिवस तरी यायला हवा.

आणि गेलेली शक्ती परत येईपर्यंत थांबायचे, हेही बरोबर नाही. 1943 मध्ये स्मोलेन्स्कजवळ डोक्यात गोळी लागलेल्या एका सोव्हिएत अधिकाऱ्यावर अलेक्झांडर लुरिया या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे काम केले. एकेक अक्षर आठवून लिहायला बसला की त्याला काही जमत नसे. हात न उचलता अख्खा शब्द एका दमात लिही, असे सांगितल्यावर हाताची जुनी सवय जागी झाली. लिहिलेले त्याला स्वतःला नीट वाचता येत नसे, तरी तो पुढे पंचवीसेक वर्षे आपली हकीकत लिहीत राहिला. आपल्याकडे हाताच्या सवयी पाटी-पेन्सिलीच्या कमी, रानातल्या जास्त. पपईच्या फळावर पिवळी रेघ दिसली की तोडायचे, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याला रंगीत ठोकळे रचायला लावण्यापेक्षा बागेत अर्धा तास उभे करावे. बरोबर माणूस हवा, विळा नको, आणि थकायच्या आत घरी आणायचे.

4. तपासणीचे प्रश्न बदला. ‘आज तारीख काय, पंतप्रधान कोण’ याला उत्तर नाही म्हणून स्मृती गेली असे लिहिणे हा पावरी बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या बाईवर अन्याय आहे. तिला विचारावे, सारंगखेड्याची यात्रा होऊन गेली की यायची आहे, गाय कितव्या वेताची, धाकटीचे सासर कुठले. वाचा गेलेल्याला बोलते करायचे तेही भिली, पावरी, गुजरी, अहिराणी ज्या बोलीत तो भांडत होता त्याच बोलीत. पुस्तकी मराठीचे तक्ते इथे अर्धेच उपयोगी. नंदुरबारचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 2020 मध्ये सुरू झाले आहे. या बोलींमधली प्रश्नावली तयार करायला त्याहून योग्य जागा मला दिसत नाही.

5. कागदपत्रांत हा माणूस हरवतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. मेंदूला मार बसल्याने आलेले अपंगत्व असा स्वतंत्र प्रकार त्यात नाही. पाय लुळा असेल तर चलन अपंगत्व मिळते, वाचा कायमची गेली असेल तर वाचा-भाषा दोषात बसते. पण पाय चालतो, जीभ चालते, फक्त हिशेब, स्मरण आणि संयम गेला, अशाची टक्केवारी काढताना अडचण होते. प्रमाणपत्राच्या शिबिरात तो धडधाकट दिसतो. अशा पेशंटबरोबर घरातले कोणी तरी बोलायला हवे आणि वैद्यकीय मंडळाने ते लिहून घ्यायला हवे.

सरकारी नोकर असेल तर याच कायद्याचे कलम 20 लक्षात ठेवा. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून त्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचे वेगळेच. एप्रिल 2022 पासून 6 महिन्यांत दावा दाखल करण्याची अट मोटार वाहन कायद्यात आली, तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. निकाल काहीही लागो, घरच्यांनी मुदतीच्या आत वकील गाठावा हे बरे.

6. सांभाळणाऱ्या बाईच्या दिवसाला किंमत आहे. हे मी म्हणत नाही, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. ट्रकच्या धडकेत मेंदूला जबर इजा झालेल्या 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये दोन मदतनीस धरले, प्रत्येकी महिना 5 हजार, आणि त्याच्या वर्षाच्या रकमेला 18ने गुणून 21 लाख 60 हजार रुपये केवळ देखभालीचे दिले. आपल्याकडे हेच काम बायको मजुरी बुडवून करते, आणि मोठी मुलगी शाळा सोडून. दाव्यात ही रक्कम मागितलीच नाही तर मिळायची कशी?

7. आता मागण्या. ग्रामपंचायत आणि नगर परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा राज्याचा नियम आहे. त्यातून शहाद्यात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसवता येईल. सायकली वाटून फोटो काढण्यापेक्षा हे कमी दिमाखाचे आहे खरे. कुबड्या, चाकाची खुर्ची, हवेची गादी उसनी देणारे एक कपाट सरकारी रुग्णालयात ठेवावे, काम झाले की परत. यश मोजायचे तर ‘बरा झाला’ असे लिहू नये. स्वतः आंघोळ करतो का, दुकानातून मीठ आणून सुटे पैसे बरोबर मोजून घेतो का, एकटा नंदुरबारच्या बसमध्ये बसून परत येतो का, हे लिहावे. हेल्मेटबद्दल वेगळा मुद्दा लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे आणि हँडलला लटकलेले असते.

सुरुवात यादीपासून करावी. गेल्या दोन वर्षांत डोक्याच्या मारातून घरी परतलेले तालुक्यात किती, कोणत्या गावात, कोणत्या अवस्थेत, हे गावोगावच्या आशाताईंकडून महिन्याभरात गोळा होईल. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत ही यादी टेबलावर ठेवून नगरसेवकांना विचारू.