घोड्याचा दाणा कोणाच्या शेतातला?



दिवाळीनंतर गेटवेहून येणाऱ्या लाँचा भरू लागल्या की मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यावर घोडेही उतरतात. लांबून पोट गरगरीत दिसते, म्हणून मुंबईच्या पाहुण्याला घोडा धष्टपुष्ट वाटतो. जवळ जाऊन हात फिरवा. बरगड्या मोजता येतात, कणा वर आलेला असतो, पुठ्ठे बसलेले असतात. ते पोट भाताच्या पेंढ्याने फुगलेले आहे.

पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार. तीनशे किलोच्या घोड्याने दिवसाला सहा किलो पेंढा खाल्ला तर त्याला २०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, तीही धड न पचणारी. रोज राबणाऱ्या अशा घोड्याची गरज साडेचारशे ग्रॅमच्या घरात आहे. तूट कुठून भरून निघते? त्याच्याच पुठ्ठ्यातून. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटातले जिवाणू हलक्या चाऱ्यातूनही प्रथिने तयार करून देतात. घोड्याचा चारा आंबतो तो आतड्याच्या शेवटच्या भागात, तिथली प्रथिने त्याच्या फारशी कामी येत नाहीत. म्हणून बैलाच्या हिशेबाने घोडा पोसता येत नाही.

यावर मालक भाताचा कोंडा घालतो. कोंड्याने कातडी चमकते, थोडी चरबीही चढते. पण कोंड्यात स्फुरद भरमसाट आणि कॅल्शियम नावापुरते. नुसत्या कोंड्यावरचा घोडा हाडातले कॅल्शियम खर्ची घालतो आणि शेवटी त्याचे तोंड सुजते. संकरित नेपियर गवतातले ऑक्झलेटही हाच घोटाळा करते. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी त्यांचे खाद्य घोड्यापुढे चुकूनही ठेवू नये. त्यात मोनेन्सिन हे औषध असेल तर घोडा हृदय बंद पडून मरतो.

खरा उपाय आपल्याच वरकस जमिनीत उगवतो, तो म्हणजे कुळीथ. इंग्रजांनी त्याचे नावच हॉर्स ग्रॅम ठेवले, आणि आपण मात्र तो पिठल्यापुरताच ओळखतो! त्यात शेकडा २२ च्या आसपास प्रथिने आहेत, आणि मांस बनायला जे लायसिन लागते तेही भरपूर आहे. रात्री भिजवून सकाळी शिजवायचा. कच्च्या दाण्यातली पचन अडवणारी द्रव्ये त्याने मोडतात. सुरुवात मूठभर दाण्याने करा. दोन आठवड्यांत दिवसाला किलोभर सुक्या दाण्यापर्यंत वाढवा आणि तो तीन वेळांत विभागून द्या. घोड्याचे जठर लहान असते. घाईने एकदम दाणा टाकला तर पोटशूळ ठरलेला. मिठाचा खडा आणि पाणी कायम समोर हवे. वैरण तोडायची नाही, पण निम्मा पेंढा काढून त्या जागी सुके गवत, वालाचा किंवा चवळीचा पाला द्या. दोन महिन्यांत पुठ्ठा भरतो, मात्र घोड्याला रोज चाल हवी. बांधून ठेवलेल्या घोड्यावर दाण्याची चरबी होते, मांस होत नाही.

ही अक्कल कोकणाला नवी नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूण तालुक्यातल्या हलवर्णच्या छावणीतील अंमलदारांना पत्र लिहिले, ते घोड्यांच्या दाण्या-वैरणीविषयीच आहे. आताच सगळे उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांना लुबाडाल, असे त्यांनी बजावले. लागेल ते बाजारातून रास्त मोलाने विकत आणा, ही त्यातली आज्ञा आम्हाला सर्वांत मोठी वाटते. स्वराज्याच्या घोड्यासाठीसुद्धा शेतकऱ्याचा दाणा फुकट नव्हता.

आजचा प्रकार पाहा. २०२० पासून रो-रो बोटीतून मोटारी थेट मांडव्याला उतरतात आणि जमिनीचे दलाल बांधावर उभे असतात. बंगलेवाल्याच्या घोड्याचे खाद्य पोत्यांतून बाहेरून येते. किनाऱ्यावरचा घोडेवाला जून ते ऑगस्ट बिनकमाईचा असतो, म्हणून घोड्याला पेंढ्यावर काढतो आणि ऐन हंगामात खंगलेला घोडा घेऊन उभा राहतो. त्याच्याच गावचा शेतकरी कुळथाला गिऱ्हाईक नाही म्हणून भातानंतर शेत पडीक टाकतो, आणि पडीक म्हणून विकतो.

घोडेवाले आम्हाला म्हणतात, कुळीथ परवडत नाही, शेतकऱ्यांना स्वस्तात द्यायला सांगा. ते आम्ही सांगणार नाही. गरिबाचा घोडा दुसऱ्या गरिबाने तोट्यात पोसावा, हा कुठला न्याय? मात्र पेरणीआधी भाव आणि वजन लिहून दिले, तर कापणीच्या वेळी दलालाला जाणारा पैसा दोघांत वाटता येईल. बंगलेवाल्यांनाही हाच कागद दाखवायचा. पोत्याचा भाव ते देतातच.

हे नोव्हेंबरच्या आधी व्हायला हवे, कारण भात कापल्यावरचा ओलावा आठ-दहा दिवसांत उडतो. खाऱ्या जमिनीत हा प्रयोग करू नका, फक्त गोड्या जमिनीत करा. बियाण्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दापोली कुळीथ-१ हा वाण आहे. घोडेवाल्यांनी पुढच्या बैठकीला येताना आपल्या घोड्याची दोन मापे सेंटिमीटरमध्ये आणावीत: छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,९००, की वजन किलोत येते. त्यावरून कोणाला किती दाणा लागेल आणि किती गुंठे पेरायचे, ते तिथेच बसून ठरवू.