चढणीचा हंगाम तोंडावर. भीमा-घोडच्या पाण्यात गळाला लागतंय काय?

शिरूर/दौंड : मृगाचा पहिला दणका झाला की भीमा, घोड आणि कुकडीच्या काठावर दरवर्षी एकच चित्र दिसतं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी फेसाळून पडतं, तिथं माणसं रांगेनं उभी. कुणाकडं बांबूची काठी अन् नायलॉनची दोरी, कुणाकडं पुण्याहून आणलेला रीळवाला रॉड, तर कुणाच्या खांद्यावर फेकजाळं. गढूळ पाण्याच्या वासानं मासा प्रवाहाच्या उलट चढायला लागतो आणि बंधाऱ्याच्या भिंतीला येऊन थटतो. हेच ते चढणीचे मासे. तासाभरात पिशवी भरते, गावात वाटे पडतात आणि रात्री रस्सा होतो.

ही मजा जुनीच आहे. फरक पडलाय तो पिशवीत काय येतं यात. जुनी माणसं वाम, मरळ, शिंगाडा, कोळस अशी नावं घेतात. आज संगमाच्या खाली गळ टाकला तर बहुतेक वेळा चिलापी नाही तर मांगूर. शिरूरच्या वरच्या भागात अजून बरं आहे, दौंडच्या खालच्या भागात फारच वेगळं आहे. हा फरक का पडला हे कळायला नदीचा नकाशा डोळ्यांपुढं ठेवावा लागतो.

एक नदी नाही, दोन पाणी

भीमाशंकरातून निघालेली भीमा शिरूर तालुक्याच्या कडेनं वाहत येते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं पाणी आलं. पुढं कोरेगाव भीमा, विठ्ठलवाडी करत ती रांजणगाव सांडसला पोचते. पलीकडं दौंडचं वाळकी. इथं मुळा-मुठा मिळते आणि सगळ्या पुणे शहराचं सांडपाणी भीमेच्या पोटात जातं. तिकडं घोड आंबेगावच्या डोंगरातून डिंभ्यावरून येते, कुकडीला पोटात घेते, चिंचणीला धरणात अडते आणि दौंडच्या वर भीमेला मिळते. घोडच्या वाटेत पुण्यासारखं शहर नाही. गावांची गटारं आहेत, शिरूर शहराचं सांडपाणी आहे, पण प्रमाण कितीतरी कमी.

म्हणून रॉड घेऊन फिरणारी पोरं चिंचणीच्या जलाशयाकडं आणि घोडच्या डोहांकडं जास्त वळतात, त्यात नवल नाही. तिथं कटला, रोहू गळाला लागतो. कणकेच्या गोळ्यात भुईमुगाची पेंड मिसळली की काम होतं. मरळीला जिवंत बेडकी, वामीला गांडूळ आणि तेही अंधार पडल्यावर. हे गणित भोई समाजातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलंय, मोबाइलवरचे व्हिडिओ आत्ता आले.

संगमाच्या खाली मात्र गणित आमिषाचं नाही, ऑक्सिजनचं आहे. 20 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच कमी. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजन खातात. वर जलपर्णीचं गोधडं पसरलं की उजेड आत जात नाही आणि वाऱ्यानं पाणी हलत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी योग्य पाण्यात किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. त्याखाली रोहू-कटल्यासारख्या माशांची तगमग सुरू होते आणि ते तोंड वर काढून पाण्याचा पृष्ठभाग चोखायला लागतात. मरळ आणि मांगूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, चिलापी घाणीत तगते. गळाला तेच का लागतात याचं उत्तर एवढंच.

पहिल्या पावसाचं पाणी नदी धुऊन काढतं असं आपण म्हणतो. खरं तर धोका त्याच पाण्यात असतो. आठ महिने बंधाऱ्यांत साठलेला गाळ, नाल्यांत तुंबलेली घाण, औद्योगिक वसाहतींच्या आसपासचं साचलेलं, हे सगळं एका लोंढ्यात खाली येतं. काही तासांत ऑक्सिजन तळाला जातो आणि सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच दिसतो. तेव्हा 'कुणीतरी विष टाकलं' अशी बोंब उठते. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा ते विष कुणी त्या रात्री टाकलेलं नसतं, वर्षभर थोडं थोडं ओतलेलं असतं.

ढापे, आवर्तन आणि विसर्ग

पूर्वी माशाचा हंगाम पावसावर ठरायचा. आता तो दारांवर ठरतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपता संपता ढापे बसवले की नदी वाहायची थांबते आणि तिची तळ्यांची माळ होते. पावसाळ्याच्या तोंडाला ढापे काढले की पुन्हा नदी होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा गळासाठी सगळ्यात चांगला काळ: पाणी निवळलेलं, मासा पावसाळाभर खाऊन वाढलेला आणि भुकेलाही. जानेवारीच्या थंडीत तो सुस्तावतो. मार्चनंतर पाणी तापतं, मासे डोहाच्या तळाला जातात, आणि मग वरून आवर्तन सुटलं तरच हालचाल. सुटलं नाही तर ज्याच्याकडं बारीक आसाचं जाळं त्याची चांदी.

गेल्या काही वर्षांत या वेळापत्रकाचाही भरवसा राहिलेला नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं. हे 'उणे' अनेकांना कोडं वाटतं, म्हणून सांगायला हवं. उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास आणि मृतसाठा साडेत्रेसष्ट. उणे 60 म्हणजे उपयुक्त साठ्याच्या 60 टक्क्यांएवढं, सुमारे 32 टीएमसी पाणी मृतसाठ्यातूनही उपसलं गेलं. खाली उरलं ते 31-32 टीएमसी, त्यातही गाळ. दौंड तालुक्याच्या पूर्वेकडचं खानोटा, राजेगावच्या बाजूचं फुगवट्याचं पाणी मागं हटलं, मासा उरलेल्या खड्ड्यांत गोळा झाला आणि जाळ्यांनी तो खरवडून काढला. लगेच जुलैत उलटं झालं. 25 जुलैला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकहून जास्त पाणी सुटलं, पुण्यात घरांत पाणी शिरलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उजनी भरलंही. 2025 ला तर मेच्या शेवटच्या आठवड्यातच दौंड, बारामती, इंदापुरात पावसानं झोडपलं. ज्या पाण्याची वाट मासा जूनअखेर पाहायचा ते महिनाभर आधी आलं.

लवकर आलेला पूर माशाला चांगला की वाईट? दोन्ही. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडं सोडलेले. वाहत्या पुराच्या पाण्यात त्यांची वीण होते, साठलेल्या पाण्यात सहसा होत नाही. म्हणून तर केंद्रात इंजेक्शन देऊन बीज तयार करावं लागतं आणि बोटुकली आणून सोडावी लागते. पूर आला आणि टिकला तर विणीला फायदा. पण एक लोंढा येऊन पुढं पंधरा-वीस दिवस कोरडे गेले, तर अंडी-पिल्लं काठाच्या डबक्यांत अडकून वाळतात.

खुद्रीचं गाव आणि आजची नदी

इथं थोडं मागं जायला हवं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांचं वर्णन 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केलं. त्यानं स्थानिक मच्छीमारांकडून ऐकलेली मराठी नावंच माशांना शास्त्रीय नावं म्हणून दिली: कोलस, पोटील, नुक्ता, बोग्गट आणि खुद्री. ही खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, गळ टाकणाऱ्यांच्या जगात देशभर ज्याचं नाव घेतात तो मासा. आणि त्याचं मूळ ठिकाण म्हणून शास्त्राच्या पुस्तकात नोंद आहे ती पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेची. म्हणजे आज जे पाणी हवेली ओलांडून दौंडकडं येतं, जिथं नाकाला रुमाल लावल्याशिवाय पुलावर थांबवत नाही, तेच पाणी.

महसीरला वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी आणि गोट्या-वाळूचा तळ लागतो. पाणी शहरानं नेलं, तळ वाळूवाल्यांनी. भीमेच्या पात्रातून शिरूर-दौंडच्या दोन्ही काठांनी सक्शन बोटी लावून वाळू उपसली गेली. महसूल आणि पोलिस मधूनमधून बोटी जिलेटीननं उडवतात, फोटो छापून येतात, काही दिवसांनी दुसऱ्या बोटी दिसतात. उपशानं झालेले खड्डे वरून शांत डोहासारखे दिसतात. गळ टाकायला पोरं तिथंच बसतात, आणि पाय घसरला तर तळ कुठं लागेल याचा अंदाज कुणालाच नसतो. टाकळी हाजीच्या रांजणखळग्यांची गोष्टही तशीच. पाहायला सुंदर, पण खडक गुळगुळीत आणि पाणी खोल.

लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरनं अनेक वर्षं महसीरचं बीज तयार केलंय. बीज आहे. सोडायला नदी कुठं आहे, हा प्रश्न आहे.

बंदी समुद्राला, नदीला काय?

कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशाला वीण घालू द्यावी आणि खवळलेल्या दर्यात माणूस मरू नये, ही त्यामागची दोन कारणं. ही दोन्ही कारणं भीमेलाही तंतोतंत लागू आहेत. पण नदीकाठच्या गावांत याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त झुंबड असते, आणि तीही बंधाऱ्याच्या पायथ्याशी, जिथं अंड्यांनी भरलेली मादी अडकून पडलेली असते. एक किलो मासा काढला असं वाटतं, प्रत्यक्षात पुढच्या वर्षीची हजारो पिल्लं पिशवीत जातात.

कायदा अजिबात नाही असं नाही. पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारणं 1897 च्या कायद्यानंच गुन्हा आहे. थाई मांगुराच्या पालनावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादानंही ती उचलून धरली. तरी तो नदीत पोचायचा तो पोचलाच. उजनीच्या काठावर वडाप पद्धतीनं कोवळं बीज ओढण्याविरुद्ध खुद्द मच्छीमारच ओरडत आलेत, कारण चटका त्यांनाच बसतो. रॉडवाल्याचा रविवार वाया गेला तर तो मटण आणील. जाळं कोरडं आलं तर भोयाच्या घरात चूल पेटायची पंचाईत.

म्हणून सगळ्यांना सरसकट बंदी, हा उपाय इथं चालणार नाही. चालेल तो लहान उपाय: ढापे काढल्यापासून ऑगस्टअखेर बंधाऱ्याच्या वरखाली ठरावीक अंतरात ना जाळं ना गळ, बाकी नदी मोकळी. ग्रामपंचायतींनी ठराव केला आणि पोलिस पाटलानं दोन चकरा मारल्या तरी निम्मं काम होईल. गावागावात यात्रेचे नियम पाळले जातातच की.

दुसरी गोष्ट माहितीची. पावसाळ्यात बंडगार्डनचा विसर्ग किती आणि दौंडचा किती, हे तालुक्यातलं शाळकरी पोरही सांगतं, कारण आकडा तासातासाला मोबाइलवर येतो. कोरेगाव भीमा, पारगाव, दौंड इथं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुनेही घेतं. पण त्यातला ऑक्सिजनचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर कधी दिसत नाही. क्युसेक कळतो, पाणी जिवंत आहे की मेलेलं ते कळत नाही. हाच मासा घरात लेकरांच्या ताटात जातो, तेव्हा विचारायला हवं.

मुळा-मुठा सुधारणेच्या प्रकल्पाला 2016 मध्ये मंजुरी मिळाली. 990 कोटी रुपये, 11 नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं. मूळ मुदत कधीच उलटून गेली. त्या केंद्रांचं पाणी खरोखर शुद्ध होऊन खाली आलं, तर त्याचा पहिला पुरावा वाळकीच्या संगमाखाली मिळेल, आणि तो अहवालात शोधावा लागणार नाही. ऑक्टोबरात ढापे पडले, पाणी निवळलं, की तिथं गळ टाकणाऱ्याला चिलापी सोडून दुसरं काय लागतं ते पाहायचं. तोवर घोडच्या बाजूला गर्दी राहणार, आणि चिंचणीच्या जलाशयावर ठेकेदार आणि रॉडवाले यांची बाचाबाचीही. तिथं बसण्याआधी ठेका कुणाचा आहे आणि परवानगी कुणाची लागते, एवढं विचारून घेतलेलं बरं.